ओढ्याकाठची झाडी काढावी का?

प्रश्न : आमचा ऊस कुकडीला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून आहे. काठच्या झाडीतून जनावरं येतात म्हणून ती साफ करावी, असं शेजारी म्हणतात. काय करावं? – एक शेतकरी, जुन्नर

उत्तर : झाडी काढू नका. ती काढल्याने बिबट्या जाणार नाही, तुमच्या उसातच मुक्काम करेल. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. त्याला आडोसा हवा असतो. तो करंज-जांभळीचा की उसाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

काठच्या झाडीचा खरा उपयोग वाटेसाठी होतो. उघड्या शिवारातून जायला रानमांजर, उदमांजर, साळिंदर बिचकतात. ओढ्याच्या कडेने मात्र सावली, पाणी आणि लपायला जागा सलग मिळते. मधली पन्नास पावलं तोडली तरी ती वाट तुटते, आणि मग जनावर बांधावरून, वस्तीजवळून फिरतं.

एकदा सकाळी उंबराखालच्या दगडांवर पाहा. न पचलेल्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ती बहुधा उदमांजराची. नवी झाडं फुकटात लावणारा माळी तो!

रानडुकरांचा त्रास मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा होऊ द्या. कुंपणात थेट वीज सोडू नका. त्यात माणसंही मेली आहेत. आणि ऊस काठापासून थोडा मागे घ्या, पुरात माती तरी वाचेल.