पहिल्या वर्षाचा तास घेणारीला

एफवायच्या पोरांचा 'ओळख-तास' तुझ्या गळ्यात पडला म्हणून फोनवर कुरकुरत होतीस, ती कुरकुर रास्तच आहे. सगळ्यांत नवी, तीही तासिका तत्त्वावरची, म्हणून तुला दिला. खरं तर हे काम विभागप्रमुखांनी घ्यायला हवं. एमएच्या पोरांना कुणीही शिकवेल, ती आपली आपण वाचतात. बारावीतून नुकत्याच आलेल्या पोराला मात्र सगळ्यांत मुरलेला माणूस लागतो. पण आलाच आहे तुझ्याकडे, तर ऐक.

पहिलं म्हणजे या तासाची भाषणमाला होऊ देऊ नकोस. यूजीसीने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. इंजिनीअरिंगवाल्यांना एआयसीटीईने त्याआधीच तीन आठवड्यांचं इंडक्शन लावून दिलं होतं. कल्पना उत्तम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिचं काय झालं, तर दोन-तीन दिवस सभागृह, प्राचार्यांचं मनोगत, ग्रंथपाल, एनएसएस, एनसीसी, क्रीडा विभाग, अँटी-रॅगिंगचं शपथपत्र, शेवटी चहा-बिस्किट. पोराला अजून मुतारी कुठं आहे ते माहीत नसतं आणि आपण त्याला मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस सांगून मोकळे होतो. त्यातलं त्याच्या घरापर्यंत काही पोचत नाही. म्हणून माहिती ज्या आठवड्यात लागणार, त्या आठवड्यात सांगायची. शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडलं की महाडीबीटी. अंतर्गत परीक्षा जवळ आली की गुणांची विभागणी. त्याआधी एक अक्षर नाही.

तास टाइमटेबलात छापून घे. तोंडी ठरलेला तास दुसऱ्या आठवड्यात मरतो. आणि तो शेवटचा लावू देऊ नकोस. एसटीचा पास असलेली पोरं एकची गाडी चुकवून तुझ्या ओळख-तासाला थांबतील असं वाटत असेल, तर एकदा स्टँडवर जाऊन बघून ये. दोन मुख्य विषयांच्या मधला तास माग. वर्गात वीस-पंचवीसच पोरं घे. ऐंशी जणांसमोर सल्ला देता येत नाही, सूचना देता येतात.

आता मुख्य गोष्ट. या तासाला एक खराखुरा विषय हवा. नुसतं 'मार्गदर्शन' असा विषय नसतो. तू भूगोलाची आहेस, 'आपल्या गावाचं पाणी' घे. नळ किती दिवसांनी येतो, टाकी कधी बांधली, टँकर कोण मागवतं, विहीर कुणाची. प्रत्येकानं घरी विचारून एक पान लिहून आणायचं, आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल. मग ते पान घेऊन ग्रंथालयात जायचं आणि तालुक्याच्या पाण्यावर एक तरी पुस्तक किंवा अहवाल शोधायचा. या एका पानातून तुला जे कळेल ते दहा फॉर्म भरून घेतले तरी कळणार नाही. कुणाला वाक्य जुळवता येत नाही, कोण इंग्रजी माध्यमाच्या धास्तीनं गप्प आहे, कोण बेरकी आहे, कुणाच्या घरी विचारायला कुणी नाही. पोराला तू सल्लागार म्हणून नकोच असतेस. त्याचं पान नीट वाचणारी बाई म्हणून तू त्याला पटलीस, की सल्ला विचारायला ते आपसूक येतं.

असा तास काही नवा नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांनी मोठा दंगा केला, अध्यक्षांच्या कचेरीपर्यंत जाऊन पोचले. त्यातून १९७२ मध्ये तिथं पहिल्या वर्षासाठी 'युनिव्हर्सिटी १०१' नावाचा तास सुरू झाला, तो आजही चालू आहे. मला त्यातलं एवढंच आवडतं, की तास घेणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी आधी स्वतः शिकायला बसवलं. आपल्याकडे परिपत्रक येतं आणि सही करून पुढं जातं.

पहिल्या दिवशी 'नाव, टक्के, छंद' असली ओळखपरेड नको. टक्के तर चारचौघांत कधीच विचारू नकोस. एक कोरा कागद दे आणि त्यावर तीन गोष्टी लिहायला सांग: घरून किती वाजता निघावं लागतं, कुठला विषय हवा होता पण मिळाला नाही, आणि कॉलेजात कुणाला आधीपासून ओळखतोस. तिसऱ्या प्रश्नाला ज्यानं 'कुणालाच नाही' लिहिलं, ते नाव वहीत अधोरेखित कर. वही तुझी स्वतःची हवी. नॅकसाठी मेंटॉर-मेंटीची फाइल वेगळी भर, तिच्यात खरं लिहायला जागा नसते.

आणि हे अगदी पक्कं ध्यानात ठेव: शिष्यवृत्तीचा फॉर्म सांगताना 'अमुक कॅटेगरीवाले थांबा, बाकीचे जा' असं वर्गात म्हणायचं नाही. सगळ्यांना सगळ्या योजना सांगायच्या. ज्याला जी लागू, तो ती घेईल. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, स्वाधार, सगळं एका कागदावर फळ्याशेजारी चिकटव. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे मात्र एकेकट्याला विचार.

नावाचा घोळ पहिल्या पंधरवड्यात मिटव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठं वडिलांचं नावच गायब, कुठं स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. एबीसीचा, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा, बारा आकडी क्रमांक काढायला बसलं की हे सगळं उघडं पडतं. दुरुस्तीला वेळ लागतो आणि परीक्षेचा फॉर्म कुणासाठी थांबत नाही. तासाला सगळ्यांना मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला लाव. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला तास संपल्यावर कार्यालयातल्या भाऊसाहेबांकडे तू स्वतः घेऊन जा. भाऊसाहेबांशी जमवून ठेव गं, पोरांचं निम्मं भवितव्य त्या खिडकीतून जातं.

मग 'मॅडम, याला स्कोप आहे का?' हा प्रश्न येणार. मायनरला येईल, ओपन इलेक्टिव्हला येईल, सगळ्याला येईल. उत्तर देण्याचा मोह आवर. तुला माहीत नाही, मलाही नाही. त्यापेक्षा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ काढायला लाव आणि दोन विषयांच्या मागच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेव. 'यातल्या कुठल्या प्रश्नावर तुला चार ओळी लिहाव्याशा वाटतात?' एवढंच विचार. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो, हे मात्र स्पष्ट सांग, नाहीतर मैत्रिणीनं घेतला म्हणून बीएची पोर पुन्हा कलेचाच विषय भरून ठेवते. दोन क्रेडिटच्या थिअरीला तीस तास बसावं लागतं आणि प्रात्यक्षिक असेल तर साठ, हा हिशेब फळ्यावर करून दाखव. काही विद्यापीठांत पहिलं वर्ष झाल्यावर मेजर ठरतो. तिथं हा तास सोन्याचा, कारण पोराला पहिल्या वर्षी घेतलेले तीनही विषय चाखून झालेले असतात.

वडील फोन करतील. पोराच्या देखत बोल. पोराच्या मागं वडिलांशी काही ठरवलंस तर ते पोर गेलं म्हणून समज.

दिवाळीचं वेगळं सांगते. तू बीड भागात आहेस. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघतात, घरातली थोरली पोरं एकतर बरोबर जातात नाहीतर धाकट्यांना सांभाळायला मागं राहतात. तुळशीचं लग्न लागलं की मुलींच्या सोयरिकी सुरू. म्हणून तुझी तोंडी परीक्षा, सादरीकरण, जे काही अंतर्गत गुणांचं असेल ते दिवाळीच्या सुट्टीआधी उरक. आणि जिचं जाणं ठरल्यातच जमा आहे, तिला एकटीला बसवून सांग: पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट पुरी कर, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केलीस की प्रमाणपत्र मिळतं, मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत खात्यात राहतात, परत येता येतं. हे सभागृहात सांगायचं नाही. तिथं सांगितलं की बापाला पोरीचं कॉलेज सोडवण्याचं निमित्त मिळतं.

दोन तास लागोपाठ गैरहजर असलेल्याला वर्गमित्राकरवी निरोप धाड, घरी पत्र नको. मदतीला एसवायची दोन पोरं घे, पण टॉपर नकोत. एटीकेटी लागून, ती सोडवून वर आलेला पोरगा शोध. तो जे सांगेल ते पोरं ऐकतात. त्याला 'कमवा आणि शिका'मधून चार पैसे मिळाले तर बघ.

रडत आलेल्याला बसव, पाणी दे, ऐक. पण 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. जिवावरचं बोलणं निघालं तर टेली-मानसचा १४४१६ तिथंच लावून दे आणि समुपदेशक येईपर्यंत उठू नकोस. तू भूगोलाची बाई आहेस, डॉक्टर नाहीस.

निकालाच्या आठवड्यात बाकीचे तास उडतात, तुझा उडू देऊ नकोस. गुणपत्रक हातात धरून एसजीपीए कसा निघाला ते वाचायला शिकव. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मोजकेच दिवस असतात, ती तारीख फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि कुणाचे किती पैसे कमी पडतात ते हळूच विचार. आणि हो, या तासांचं मानधन बिलात स्वतंत्र लावून घे. 'हे सामाजिक काम आहे' म्हणतील. म्हणू देत, तू तासाचा क्रमांक लिही.