मागच्या मालकाची डागडुजी

जुनी बुलेट बघायला गेलेला माणूस हमखास विचारतो, "इंजिन कसं आहे?" समोरचाही हमखास सांगतो, "एकदम ओके, नुकतंच काम केलंय." माझ्या मते गिऱ्हाइकाने इथेच कान टवकारावेत. काम कोणी केलं, कशासाठी केलं आणि तेव्हा आत काय काय घातलं, हे विचारावं. कास्ट आयर्न इंजिन झिजतं ते सावकाश, कुरकुर करत, वर्षानुवर्षं आधी सूचना देत. त्याचा जीव जातो तो घाईत केलेल्या दुरुस्तीने.

माझी गाडी ३५० ची. रायगड पासिंग, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया स्थापन झाली, तिथपासून चालत आलेल्या घराण्यातलं हे इंजिन: ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. कागद चोख होते, इंजिन नंबर आरसीशी जुळत होता, रंग नवा होता. फक्त टायमिंग कव्हरच्या कडेने लाल सिलिकॉनची किनार बाहेर आलेली दिसत होती. विकणारा कौतुकाने म्हणाला, "बघा, एक थेंब गळत नाही." ती किनार बघूनच मी भाव पाडला आणि उलव्याला गाडी टेम्पोत घालून आणली. किक मारून आणली नाही, याचं कारण पुढे येईलच.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कव्हर उघडलं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापून बोल्ट आवळले की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आत लाल धागे शेवयांसारखे लोंबत होते. त्यातला एक तुकडा तुटून तेलाच्या वाटेत अडकला होता. या इंजिनात तेल टायमिंग कव्हरमधूनच फिरतं. पंप ते मागच्या कप्प्यातून उचलतो, फेल्टच्या फिल्टरमधून गाळतो आणि क्रँकच्या टोकातून बिगएंडला पाठवतो. कव्हर आणि क्रँकचं टोक जिथे भेटतात तिथे एक छोटं कॉर्कचं सील असतं. किंमत चहापाण्याइतकी. ते गायब होतं आणि त्या जागी पुन्हा सिलिकॉनच. बिगएंडला तरंगता बुश असतो, त्याला दाबाने येणारं तेल लागतंच लागतं. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवला तर खेळ हाताला कळत होता. आणखी थोडी दामटली असती तर रॉडने क्रँककेस फोडून बाहेर डोकावलं असतं.

आता मुळात सिलिकॉन का थापलं? कारण तेल गळत होतं. तेल का गळत होतं? तर ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली. पिस्टन खाली आला की क्रँककेसमधल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. ती नाही मिळाली की हवा दाब देऊन प्रत्येक पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलते. नळी पेट्रोलने धुतली असती तर भागलं असतं. तारेचा एक तुकडा आणि पाच मिनिटं, एवढंच काम. त्याऐवजी सगळ्या जोडांना लाल मलम लावलं गेलं.

अशा गाडीत एक चुकीची दुरुस्ती दुसरीला जन्म देते, म्हणून ती साखळी उलटी सोडवावी लागते. गाडीसोबत बिलांची एक चळतही आली होती. बहुतेक लोक ती टाकून देतात. मी ती तारखेप्रमाणे लावून बसलो आणि सगळी कथा समोर आली. आधी तेल, पुन्हा तेल, पुन्हा तेल, मग बोअर-पिस्टन, आणि लगेच पुढे पुन्हा तेल. बुलेटचं तेल इंजिनाच्याच मागच्या कप्प्यात असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत पुढे क्रँकखाली उतरतं. मग डिपस्टिक कोरडी दिसते. मालक घाबरून वरून ओततो. किक बसली की जादा तेल जळतं आणि धुराचा लोट उठतो. मेकॅनिक छातीठोकपणे सांगतो, "रिंगा गेल्या." अशा रीतीने बोअर चाळीसवर, म्हणजे ४० हजारांश इंचाने मोठं करून झालं आणि धूर होता तसाच राहिला. डिपस्टिक बघायची ती इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून. हे साधं पथ्य पाळलं असतं तर एका बोअरचं आयुष्य वाचलं असतं.

आट्यांची गोष्ट याहून वाईट. जुन्या बुलेटचे आटे इंची, म्हणजे ब्रिटिश मापाचे. नंतरच्या गाड्यांत हळूहळू एमएम आले. एकाच इंजिनात दोन्ही सापडतात. पाच-सोळांश इंचाचा, म्हणजे अडीच सुती बोल्ट ७.९४ मिमी भरतो. दुकानदार त्याजागी ८ एमएमचा देतो आणि तो दोन वेढे गोडीत जातोही. पुढे मात्र ब्रिटिश बीएसएफचे इंचाला २२ आटे आणि एमएमचे साधारण २० यांची जुंपते. हरतं ते क्रँककेसचं ॲल्युमिनियम. माझ्या गाडीत अशा भोकांत कुठे एमसील, कुठे टेफ्लॉन टेप, एका ठिकाणी चक्क सायकलच्या स्पोकचा तुकडा खोचलेला. तेलाचा पंप फिरवणाऱ्या वर्मचा नट छिन्नीने ठोकून ठोकून गोल केलेला. तो नट डाव्या आट्याचा असतो, उलटा सुटतो. ठोकणाऱ्याला ते ठाऊक नसावं आणि विचारायची लाज वाटली असावी.

क्रँककेस घेऊन पनवेलच्या एका लेथवर गेलो. तिथल्या लेथवाल्या मामांनी चष्मा वर सरकवून भोकाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे कोणी केलं?"

"मागच्या मालकाने."

"मालक कशाला करतोय! आमच्यातलाच कोणीतरी असणार." असं म्हणून त्यांनी एकेका भोकाला हेलीकॉइल बसवली, तीही मूळ मापाची. "एमएम करून देऊ का, स्वस्तात पडेल," असं विचारणारा लेथवाला भेटला तर हात जोडून पुढच्या दुकानात जा.

तुमच्याकडे अशी गाडी आली तर पहिली गोष्ट, ती चालू करून बघायचा मोह आवरा. आतली तेलाची वाट मोकळी आहे की नाही हे कळेपर्यंत प्रत्येक किक महागात पडू शकते. खालचे दोन्ही ड्रेन बोल्ट सोडून तेल पसरट ताटात घ्या, मागच्या कप्प्याचं आणि क्रँकचं वेगवेगळं. त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. पितळी चमक दिसली तर बुश. रबरी कण दिसले तर आधीच्या कारागिराची करामत. मग फिल्टर, ब्रीदर, पंप, याच क्रमाने. हेड आणि बोअर सगळ्यात शेवटी, तेही गरज पडली तरच. आपल्याकडे उलटं होतं, कारण बोअरच्या कामाचं बिल मोठं होतं.

कव्हर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा, कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हलका हात द्या. सिलिकॉनची गरज राहत नाही. टॅपेट इंजिन गार असतानाच लावा. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. इथे फीलर गेज घालून फट ठेवणारे भेटतात. दुसऱ्या गाड्यांची सवय ते बुलेटवर चालवतात. फीलर गेज पॉइंटसाठी ठेवा, तिथे ०.३५ ते ०.४० मिमी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारते तेव्हाही कशामुळे ते कळत नाही.

सामान आणायला पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर जुना भाग खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच मापून घ्या. डब्यावरच्या नावावर विसंबू नका.

उलव्यासारख्या खाडीकाठच्या गावी आणखी एक काळजी. इथली हवा खारट आणि दमट, आणि पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जे पाणी ओढतं. जुने रबरी भाग आणि पेट्रोलची नळी त्यासाठी बनलेली नाहीत. नळी बदला. गाडी उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा उलव्याची बुलेट मुंबईला जाते ती बेलापूर-वाशीचा वळसा घालूनच. गरम इंजिनाची परीक्षा घ्यायला त्या वाटेवरचे सिग्नल पुरेसे आहेत.

एक विनंती. दुरुस्ती कराल तेव्हा साध्या वहीत लिहून ठेवा: कुठल्या भोकात कुठला आटा, बोअर कितीवर, कुठलं पॅकिंग, कुठल्या तारखेला. गाडी विकाल त्या दिवशी ती वही आरसीबरोबर पुढच्या मालकाच्या हातात द्या.