खर्चाची वही संगणकात लिहिताना

समजा तुमची ताई अकरावीसाठी सांगलीला राहते. खोलीचे भाडे बाबा परस्पर देतात आणि बाकी खर्चासाठी दर महिन्याला दुधाच्या बिलातून साडेचार हजार रुपये तिला पाठवतात. वीस तारखेला तिचा फोन येतो, "पैसे पुरतील असं वाटत नाही." बाबा विचारतात, "कशात गेले?" ताईला सांगता येत नाही. ती उधळी मुळीच नाही. पण सांगता येत नाही एवढ्यावरूनच घरात अबोला सुरू होतो. मग ती हळूच तुम्हाला म्हणते, "तुला संगणकातलं कळतं ना? हिशेबासाठी एखादं साधं सॉफ्टवेअर शोधून दे."

मोबाइलवर शोध घेतलात तर अशी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, एक नव्हे तर शेकड्यांनी मिळेल. रंगीत वर्तुळालेख दाखवणारी, बोलून नोंद करता येणारी, बँकेचे संदेश आपोआप वाचणारी. यांतली कोणती घ्यावी? चित्रे पाहून निवड करू नका. आधी ताईचा या महिन्याचा हिशेब कागदावर मांडू या.

एक तारखेला तिच्याजवळ ४५० रुपये होते. घरून ४,५०० आले. एकूण जमा ४,९५०. तिने आठवून सांगितलेला खर्च असा : खानावळ २,८००, बसचा पास ३००, वह्या व झेरॉक्स १८५, चहा-नाश्ता २४०, मोबाइलचे रिचार्ज २९९ आणि मैत्रिणीला उसने दिलेले १००. बेरीज ३,९२४. म्हणजे शिल्लक १,०२६ हवी. प्रत्यक्षात बँकेत ७०० आणि पाकिटात २११, असे ९११ च निघाले. फरक ११५ रुपयांचा.

हा फरक दिसणे हीच हिशेबातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जी आज्ञावली नुसता खर्च लिहून घेते आणि आरंभीची शिल्लक विचारतच नाही, तिला हे ११५ रुपये कधीच दिसणार नाहीत. तिचा वर्तुळालेख ३,९२४ रुपयांचाच निघेल आणि सुरेख दिसेल! किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजून वहीशी ताडून पाहतो, त्याला ताळा म्हणतात. तेव्हा पहिली कसोटी ही : आज्ञावलीत आरंभीची शिल्लक लिहिता येते का, आणि रोजची शिल्लक पाकिटाशी ताडून पाहता येते का?

आता एक गंमत पाहा. ताईने एटीएममधून ५०० रुपये काढले आणि त्यांतूनच चहा, झेरॉक्स वगैरे भागवले. बँकेचे संदेश वाचणारी आज्ञावली हे ५०० खर्चात धरू शकते. ताई चहाचे पैसे पुन्हा वेगळे लिहिते. एकच पैसा दोनदा खर्च झाला! वास्तविक पैसे बँकेतून पाकिटात गेले, ताईकडून गेले नाहीत. उसन्या दिलेल्या १०० रुपयांचेही तसेच. ते परत यायचे आहेत, म्हणून तो खर्च नव्हे, येणे आहे.

ही अडचण व्यापाऱ्यांनी फार पूर्वी सोडवली. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत वर्णिली आहे. ती त्याने शोधली नव्हती. पण छापल्यामुळे सर्वदूर गेली. तिचे सूत्र सोपे : प्रत्येक रक्कम कोठून निघाली आणि कोठे गेली, हे दोन्ही लिहायचे. बँक उणे ५००, पाकीट अधिक ५००; बेरीज शून्य. १९९८ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेली ग्नूकॅश ही विनामूल्य आज्ञावली याच पद्धतीने चालते. चांगली आहे, पण ताईला पहिल्याच दिवशी द्यावी असे मला वाटत नाही. खाती उभारण्यातच तिचा उत्साह संपेल.

संदेश वाचणाऱ्या आज्ञावलींबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपीही तिच्या नजरेस पडू शकतो. चहाच्या हिशेबासाठी एवढी किंमत कशाला मोजायची?

बरे, बेरीज तरी संगणक अचूक करतो ना? पायथॉन या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येईल! संगणक बिघडलेला नाही. एक तृतीयांश आपण दशांशात लिहू लागलो, की ०.३३३… असे कधीच संपत नाही. तसेच संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक ०.०००११००११००११… असा न संपणारा होतो. जागा ठरावीक असल्याने संगणक तो कोठेतरी तोडतो. फरक नगण्य असतो. परंतु 'शिल्लक बरोबर ०.३ आहे का?' असे विचारले, तर उत्तर 'नाही' येते. म्हणून शहाणे आज्ञावलीकार रुपयांऐवजी पैशांत मोजतात : १० पैसे अधिक २० पैसे, बरोबर ३० पैसे. पूर्णांकांत ही अडचण येत नाही. उद्या तुम्ही स्वतः अशी आज्ञावली लिहिलीत, तर हे ध्यानात ठेवा.

दुसरी कसोटी मला स्वतःला ठेच लागल्यावर कळली. एका मोबाइल आज्ञावलीत मी दोन वर्षांचा घरखर्च लिहिला होता. मोबाइल पाण्यात पडला आणि हिशेबही बुडाला. नोंदी बाहेर काढायची सोय तीत नव्हतीच. मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावलीही कायम राहतात असे नाही. १९९१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेली मिंट ही लोकप्रिय सेवा २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून विचारा : माझ्या नोंदी सीएसव्ही फाइलच्या रूपात मला घेता येतात का? सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर. तो जवळजवळ कोणत्याही संगणकावर उघडतो. मात्र त्यात १,२५० असे लिहिले, तर तो स्वल्पविराम संख्येचे दोन तुकडे करू शकतो, १२५० लिहावे. तारखेचेही पाहा. ०३-०४-२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. २०२५-०४-०३ असे वर्ष आधी लिहिले, की घोटाळा टळतो आणि नोंदी आपोआप क्रमाने लागतात. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकानेही हीच रीत ठरवली.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारी सर्वांत साधी वस्तू म्हणजे कोष्टकाची आज्ञावली, उदाहरणार्थ लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स. डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसिकॅल्कपासून, म्हणजे १९७९ पासून, हा प्रकार घरगुती संगणकांवर आहे. ताईला हेच द्या. दोन पाने करा, एक बँकेचे व एक पाकिटाचे. प्रत्येकावर सहा रकाने : दिनांक, तपशील, सदर, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक रकान्यात एकच सूत्र : वरच्या ओळीतील शिल्लक अधिक या ओळीतील जमा वजा खर्च. एटीएममधून पैसे काढले, की बँकेच्या पानावर खर्चाच्या रकान्यात आणि पाकिटाच्या पानावर जमेत लिहायचे; सदर मात्र 'बदली'. महिन्याचा खर्च काढताना 'बदली' आणि 'उसने' ही सदरे वगळायची. पाचोलीच्या ग्रंथातील पद्धत एवढ्यातच येते.

सदरे मात्र सहा-सातच ठेवा. वीस ठेवली, की प्रत्येक नोंदीला विचार करावा लागतो आणि चौथ्या दिवशी वही बंद पडते.

ताईच्या त्या ११५ रुपयांचे काय झाले? बँकेच्या खातेउताऱ्यात ६५ रुपये सापडले, ग्रंथालयाचा दंड. उरलेले ५० तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या वर्गणीत रोख दिले होते. रात्री तिने बाबांना फोन करून दोन्ही सांगितले.

करून पाहा : आज रात्री पाकिटातील पैसे मोजून पहिल्या ओळीत शिल्लक लिहा. आठ दिवस प्रत्येक नोंद त्याच दिवशी करा. नवव्या दिवशी सकाळी पाकीट पुन्हा मोजा आणि कोष्टकातील शेवटच्या शिलकेतून ती रक्कम वजा करा.