क्षयाच्या उपचारात अंधुक दिसू लागले तर...

क्षयरोग बरा होणारा आजार आहे, हे आता आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक झाले आहे. सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या की रोगी पुन्हा शेतात, कारखान्यात किंवा दुकानात कामाला लागतो. परंतु या सहा महिन्यांत थोड्या रुग्णांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, वजन वाढू लागलेले असते आणि नेमके त्याच सुमारास डोळ्यांना अंधुक दिसू लागते. मग घाबरून एकतर सगळ्याच गोळ्या बंद केल्या जातात, नाहीतर 'अशक्तपणा असेल' असे म्हणून महिनाभर कोणाला सांगितलेच जात नाही. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. पहिलीने क्षय उलटतो, दुसरीने दृष्टी जाते. म्हणून आज या विषयाची माहिती घेऊ.

असे का होते?

क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन औषधे चालू राहतात. म्हणजे इथॅम्ब्युटॉल पूर्ण सहा महिने पोटात जाते. हे औषध १९६१ साली शोधले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याचा डोळ्यांवर होणारा परिणाम डॉक्टरांनी नोंदवला. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी जी नस असते, तिला या औषधाने काही जणांमध्ये इजा होते.

हा त्रास फार थोड्यांना होतो. बहुधा तो दोन महिन्यांनंतर सुरू होतो. औषधाची मात्रा वजनाच्या मानाने जास्त असेल तर धोका वाढतो. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यांच्या रक्तात ते साठत जाते. जुना मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि वयस्कर मंडळींनी उपचार सुरू होतानाच ही माहिती डॉक्टरांना द्यावी. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड हे औषध वापरतात, त्यानेही असाच त्रास होऊ शकतो.

कसे ओळखावे?

डोळा लाल होत नाही, दुखत नाही, चिकटत नाही. म्हणूनच हा त्रास फसवा आहे. दोन्ही डोळ्यांना हळूहळू मध्यभागी धूसर दिसू लागते. कित्येकदा त्याही आधी रंग फिके पडतात. लाल आणि हिरवा यांतला फरक कळेनासा होतो. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो निवडताना घोटाळा होतो, कुंकू मळकट दिसते.

यासाठी घरच्या घरी एक सोपी तपासणी करता येते. भिंतीवरची दिनदर्शिका रोजच्या जागी राहू द्यावी. उपचार सुरू झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी तिच्यासमोर ठरावीक अंतरावर, दिवसाच्या उजेडात उभे राहावे. चष्मा असल्यास लावावा. आधी एक डोळा तळहाताने झाकून बारीक अक्षर वाचावे, मग दुसरा झाकून वाचावे. रविवारचे लाल आकडे दोन्ही डोळ्यांना पूर्वीइतकेच लाल दिसतात का, ते पाहावे. फरक वाटला तर पुढच्या पंधरवड्याची वाट पाहू नये. लहान मुलांना हे सांगता येत नाही. मूल वस्तू चाचपडू लागले किंवा पुस्तक अगदी नाकाशी धरू लागले, तर आईवडिलांनी सावध व्हावे.

रिफॅम्पिसिनमुळे लघवी आणि अश्रू नारिंगी होतात, त्यात काळजीचे कारण नाही. मात्र अंधुक दिसण्याबरोबर जोराची डोकेदुखी, उलट्या, ताप किंवा गुंगी असेल, तर क्षय मेंदूच्या आवरणात गेल्याची शंका येते. अशा रुग्णाला क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

काय करावे?

त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपचार देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. आपल्या भागातील रुग्णांनी यवतचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तेथून गरजेनुसार पुण्याला ससूनमध्ये पाठवता येते. जाताना उपचाराचे कार्ड आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. क्षयरोगाविषयी माहितीसाठी १८००-११-६६६६ हा सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सरकारी उपचारात ही औषधे एकाच गोळीत एकत्र असतात. त्यामुळे 'डोळ्याची तेवढी गोळी' रुग्णाला घरी वेगळी काढता येत नाही. डॉक्टर इथॅम्ब्युटॉल थांबवतात आणि बाकीची औषधे सुट्या गोळ्यांच्या रूपात चालू ठेवतात. म्हणजे डोळेही वाचतात आणि क्षयाचा उपचारही तुटत नाही. मनाने सगळ्या गोळ्या बंद करणाऱ्याचा क्षय उलटतो, आणि उलटलेल्या क्षयावर साधी औषधे चालतीलच असे नाही.

नेत्रतज्ज्ञ अक्षरांचा तक्ता आणि रंगांच्या ठिपक्यांचे पुस्तक दाखवून तपासणी करतात. सुरुवातीला डोळ्याचा पडदा निरोगी दिसू शकतो. तेव्हा कोणी 'डोळा चांगला आहे' म्हटले तरी औषधाचे नाव सांगून ही तपासणी मागावी. नवा चष्मा करून या त्रासाला उपयोग होत नाही. मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध असले काही डोळ्यांत घालू नये. तंबाखू आणि दारू यांनीही डोळ्यांची नस दुबळी होते, ती सोडावीत.

दृष्टी परत येते का?

वेळेवर औषध थांबवल्यास पुष्कळ जणांची दृष्टी सुधारते. मात्र त्याला आठवडे नव्हे, कित्येकदा महिने लागतात. औषध थांबल्यावरही काही दिवस दृष्टी आणखी उतरू शकते, त्याने खचून जाऊ नये. सर्वांची दृष्टी पूर्ववत होतेच असे नाही, उशीर झाला असेल तर काही उणीव कायम राहते. उशीर टाळण्यावर एवढा भर देण्याचे कारण हेच आहे. हे औषध आपल्याला सोसले नाही, अशी नोंद कार्डावर करून घ्यावी.

मधल्या काळात घर कसे चालवावे?

या त्रासात मधली नजर जाते, कडेची राहते. त्यामुळे रुग्ण अंगणात नीट चालतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही, नोट वाचत नाही. घरच्यांना वाटते, हा सोंग करतो. गावात म्हणतात, ओळख दाखवत नाही. रुग्णाला आजारापेक्षा या बोलण्याचे दुःख अधिक होते. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावे. जवळ येताना आपले नाव सांगावे, उठून जाताना 'मी निघालो' म्हणावे.

घरातील वस्तूंच्या जागा बदलू नयेत. दार अर्धवट उघडे ठेवू नये. आपल्याकडे ताटात मीठ, चटणी, लोणचे डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढण्याची रीत आहे, ती काटेकोर पाळली की न पाहताही जेवता येते. उंबऱ्यावर आणि पायरीच्या कडेला पांढरा रंग ओढावा. वाचताना दिवा पाठीमागून असावा. नजर किंचित बाजूला वळवल्यास कित्येकांना अधिक स्पष्ट दिसते, तसा सराव करावा. दहाच्या, शंभरच्या आणि पाचशेच्या नोटा वेगवेगळ्या खिशांत ठेवाव्यात. गोळ्या मात्र दुसऱ्या माणसाने मोजून हातावर द्याव्यात.

बाहेर नेताना रुग्णाला ढकलू नये. त्याने आपले कोपर धरावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. दृष्टी तपासून डॉक्टर परवानगी देईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, गुऱ्हाळातला चरक आणि उसाचा कोयता यांना हात लावू नये. पुणे-सोलापूर महामार्ग एकट्याने ओलांडू नये. विहिरीच्या व कालव्याच्या काठाला सोबत असावी. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, जनावरांना पाणी दाखवणे अशी कामे करता येतात, ती जरूर द्यावीत. रिकामे बसलेले मन लवकर खचते.

मजुरी बुडते, त्याचा भार घरावर पडतो. क्षयरुग्णाला पोषणासाठी केंद्र सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये बँक खात्यात मिळतात. पूर्वी ही रक्कम पाचशे होती. नाव नोंदले गेले आहे की नाही, याची आशाताईंकडे खात्री करून घ्यावी.

थोडक्यात, क्षयाच्या गोळ्यांना भिऊ नये आणि अंधुक दिसण्याकडे दुर्लक्षही करू नये. ज्यांच्या घरी उपचार चालू आहे, त्यांनी आजच दिनदर्शिकेसमोर उभे राहून एकेक डोळा तपासावा आणि आजच्या तारखेवर तशी खूण करून ठेवावी.