भाचीला, सूचनांची वही उघडण्याआधी

अगं, सरकारी संकेतस्थळासाठी लोकांच्या सूचना गोळा करायचं काम तुझ्याकडे आलंय म्हणे. मामाने महसुलात टेबलं बदलत चौतीस वर्षं काढली, आणि तुझ्या हातून होतील त्या सगळ्या चुका आधीच करून ठेवल्यात. चहा घे नि वाच.

१. सूचनापेटी टांगण्याआधी जूनमधली एक सकाळ महा-ई-सेवा केंद्राच्या बाकावर काढ — दाखल्यांची झुंबड तेव्हाच असते, आणि माणूस जिथे थांबून "दादा, इथं काय टाकू?" विचारतो, ती तुझी पहिली सूचना.

२. केंद्र चालवणाऱ्या पोराशी गट्टी कर, वडापाव तुझ्याकडून — अर्ज गावाचा असला तरी बटण तोच दाबतो, आणि अर्जदार आपणहून तुला चार ओळी कधीच लिहिणार नाही.

३. सूचना माणसाच्याच शब्दांत उतरव, "तांत्रिक अडचण" अशी इस्त्री मारू नकोस — "साईट चालत नाही" म्हणजे कधी ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर गेलेला असतो, तर कधी फोटो ठरलेल्या आकारात बसत नसतो. एक आजोबा सातबारा शोधून दमले होते. मी वहीत "सर्व्हर मंद" लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन बसलो, तर आजोबा बुद्रुकचे आणि बोट दर वेळी खुर्दवर! गट नंबर बरोबर, गाव चुकीचं. दोन्ही नावं एकाखाली एक, मुंगीएवढ्या अक्षरांत.

४. वहीत तीन रकाने आख: काय अडतं, किती जणांचं अडतं, दुरुस्तीला दिवस किती — जातीच्या दाखल्याचा अर्ज शेवटच्या पानावर अडला तर पोरीचा प्रवेश हुकतो, पानाचा रंग भडक आहे म्हणून कुणाचं काही हुकत नाही. अडलं ते आधी, टोचलं ते मग, सजायचं ते उरल्या वेळात.

५. एकाच गृहस्थाचे बारा मेल आले तरी माणूस एकच मोज — बोलका एक, मुकं गाव.

६. साहेबांची सूचनाही त्याच वहीत, त्याच रकान्यांत — मान नमस्कारात द्यावा, क्रमांकात नाही. मी एकदा क्रमांकात दिला. उद्घाटनाच्या फोटोंची सरकती पट्टी पहिल्या पानावर आली, "अर्ज करा" हे बटण मोबाइलवर पार खाली गेलं, आणि महिनाभर लोक फीत कापलेलीच बघत बसले.

७. संकेतस्थळाचं दुखणं आणि दप्तराचं दुखणं वेगळं ठेव — सातबाऱ्यावर नाव लिहिताना लेखनप्रमाद झाला असेल, तर तुझ्या कुठल्याही बटणाने तो सुधारत नाही. त्याला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसील कचेरीत अर्ज लागतो. दाखला मुदतीत मिळाला नसेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अपील आहे. अशा माणसाला "सूचनेबद्दल आभारी आहोत" म्हणून वाटेला लावू नकोस गं, वाट दाखव.

८. ज्यांना दिसत नाही त्यांना मुद्दाम बोलाव — स्कॅन करून चढवलेला शासन निर्णय म्हणजे नुसतं चित्र, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यापुढे गप्प. "चारच लोकांची सूचना" म्हणून ती खाली ढकललीस तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आडवा येईल, आणि त्याच्यामागे मी.

९. सूचना द्यायला आधार क्रमांक मागू नकोस — दारातच झडती घेतली की पाहुणा चहाला थांबत नाही.

१०. दाखले, पीक कर्ज, पीक पाहणी यांच्या हंगामात अर्जाचं पान हलवू नकोस, मोठी दुरुस्ती उन्हाळ्यात उरक — पेरणीत बैल बदलू नये.

११. प्रत्येक सूचनेला क्रमांक दे आणि उत्तर दे, नकार असला तरी कारणासकट — अनुत्तरित पत्र पुढच्या महिन्यात परत येतं, आणि येताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात येतं.

१२. दुरुस्ती झाली की ज्याचं अडलं होतं त्यालाच बोलाव, मोबाइल त्याच्या हातात दे आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहा — तू बोट दाखवलंस की परीक्षा तुझी झाली, पानाची राहिली. माझे ते सातबारावाले आजोबा दुसऱ्या खेपेलाही खुर्दवरच गेले होते. गावाशेजारी तालुका ठळक लिहिला, पण ती दोन्ही गावं एकाच तालुक्यातली! शेवटी बुद्रुक आणि खुर्द हे शब्दच मोठे केले, तेव्हा कुठे जमलं.

माझी ती जुनी वही माळ्यावर आहे. दिवाळीला आलीस की घेऊन जा. फक्त पहिली चार पानं फाडू नकोस, त्यावर मामीचा चकल्यांचा हिशेब आहे.