विज्ञान मंडळाचे वर्ष : एक काठी आणि एक वही

तुमच्या शाळेतले विज्ञान मंडळ गेल्या सप्टेंबरात काय करीत होते, ते जरा आठवून पाहा.

जून महिन्यात शाळा उघडते आणि पहिल्या पंधरवड्यातच सूचनाफलकावर मंडळांच्या याद्या लागतात. वाङ्मय मंडळ, भूगोल मंडळ, आणि त्यांत एक विज्ञान मंडळ. एक शिक्षक अध्यक्ष होतात, नववीतले कोणीतरी कार्यवाह होते (दहावीला ‘अभ्यास’ असतो!), प्रत्येक तुकडीचे दोन प्रतिनिधी निवडले जातात. जुलैत पाहुणे येऊन उद्घाटन करतात. त्यानंतर मंडळ जे दिसेनासे होते ते डिसेंबरात प्रदर्शनाच्या वेळी, नाहीतर एकदम २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या दिवशी उगवते. हा दिवस १९८७ पासून आपण पाळतो, कारण रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या तारखेला लागला. रामन यांच्या त्या शोधामागे कित्येक वर्षांची चिकाटी होती हे मात्र भाषणात सांगून आपण घरी जातो.

मी पुण्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी शिकवीत असताना आमच्याही मंडळाची गत हीच होती. एका वर्षी आम्ही ठरविले की, यंदा कार्यक्रम कमी करायचे आणि एका दिवसात उरकता येणार नाही असे एकच काम हाती घ्यायचे. काम निवडले ते अगदी स्वस्त. एक मीटर उंचीची काठी उभी करायची आणि दर बुधवारी मध्यान्हीची तिची सावली मोजायची. आपल्याकडे जुन्या ज्योतिषग्रंथांत अशा काठीला शंकू म्हणतात.

काठी म्हणजे एक लोखंडी गज. गवंड्याकडून ओळंबा आणि लेव्हलची नळी मागून आणली, जमीन समतल केली आणि गज सरळ उभा केला. गजाच्या सावलीचे टोक नेहमी पुसट दिसते, कारण सूर्य हा बिंदू नाही, ती चांगली मोठी तबकडी आहे. म्हणून वरच्या टोकाला भोक पाडलेली पत्र्याची पट्टी आडवी बसविली. भोकातून आलेल्या उजेडाचा ठिपका जमिनीवर पडतो, त्याचा मध्य नेमका धरता येतो. भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण केली. ती खूण ते ठिपका, एवढे अंतर म्हणजे आमची सावली.

पण जून ते ऑगस्ट सावली दिसावी कशी? बहुतेक बुधवारी ढग. दोन मुले वही घेऊन उभी राहत आणि परत येत. मंडळ येथेच मोडले असते, ते पावसानेच वाचविले. आम्ही जोडीला पर्जन्यमापक ठेवला होता. सरळ भिंतीची बाटली, तिच्यावर नरसाळे. नरसाळ्याचे तोंड १२ सेंटिमीटर व्यासाचे आणि बाटली आतून ६ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे बाटलीत ४० मिलिमीटर पाणी भरले तर पाऊस १० मिलिमीटर. हवामान खात्याप्रमाणे आम्हीही रोज सकाळी साडेआठला मोजत असू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आज सर्वांच्या तोंडी आहे. पण तो मिळाला त्याआधी तेथे कोरड्या दिवसांतही कोणीतरी नित्य माप घेत होते म्हणून.

याच दिवसांत वहीवरून आमचा पहिला वाद झाला. बाटली कोरडी असेल तर काय लिहायचे? आणि कोणी पाहिलेच नसेल तर? पहिल्या महिन्यात दोन्ही वेळा रकाना रिकामाच राहिला. महिन्याची बेरीज करायला बसल्यावर घोटाळा लक्षात आला. मग नियम केला, पाहिले आणि पाऊस नव्हता तर ‘०’, पाहिलेच नाही तर ‘—’. शून्य ही नोंद आहे. आडवी रेघ म्हणजे नोंद नाही. हा नियम पुढे सावलीलाही लागू झाला आणि माझ्या मते वर्षभरात मंडळाने केलेला तोच सर्वांत महत्त्वाचा ठराव.

सप्टेंबरच्या अखेरीस आकाश उघडले. एका रविवारी मुलांनी शिदोरी आणून दिवसभर बैठक मारली आणि उत्तर-दक्षिण रेषा आखली. कृती जुनीच आहे, कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिलेली आहे. शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी आखडत येणारी सावली वर्तुळाला शिवते तेथे एक खूण, दुपारी लांबत जाणारी सावली शिवते तेथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होते. तिचा मध्य पायाशी जोडला की उत्तर-दक्षिण. ठिपका या रेषेवर आला की आपल्या गावची खरी मध्यान्ह झाली.

ती घड्याळात १२ ला होत नाही. आपले प्रमाणवेळेचे घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावर लावलेले. पुणे सुमारे ७३.९ अंशांवर आहे. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर सूर्य आमच्याकडे सुमारे साडेचौतीस मिनिटे उशिरा माथ्यावर येणार. म्हणून १२ वाजून ३५ मिनिटे ही वेळ मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवली. ती वेळ शाळेच्या तासांत येत होती. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एका जोडीला एक तास बाहेर राहण्याची परवानगी दिली. गणिताच्या सरांचे तोंड वाकडे झाले, पण पुढे कोनाच्या स्पर्शज्येसाठी (म्हणजे ‘टॅन’साठी) मुले त्यांच्याचकडे जाऊ लागली तेव्हा ते आपणहून काठीपाशी येऊ लागले.

आणि घड्याळ बिघडले! निदान मुलांना तसे वाटले. ऑक्टोबरात ठिपका १२ वाजून २२-२३ मिनिटांनीच रेषेवर येऊ लागला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेशेजारी राहणाऱ्या एका मुलीने एकटीने माप घेतले, तेव्हा वेळ निघाली १२ वाजून १८. तेव्हा आम्ही घड्याळ रेडिओच्या ठोक्यांवर लावत असू (तुम्ही आता मोबाइलवर पाहाल). पुन्हा लावून पाहिले. घड्याळ बरोबरच होते. दोष सूर्याचाही नव्हता. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने ती कधी जलद तर कधी सावकाश धावते, आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांनी खरा सूर्य आपल्या घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो १६ मिनिटे पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटे मागे. म्हणजे पुण्याची मध्यान्ह वर्षभरात १२.१८ ते १२.४९ यांच्या दरम्यान झुलते.

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दुसरेच संकट उभे राहिले. बुधवारी जोडी गेली, तर काठी शाळेच्या इमारतीच्या सावलीत बुडालेली! जूनमध्ये आम्ही जागा निवडली ती इमारतीच्या उत्तरेला पाच मीटरवर. तेव्हा सूर्य डोक्यावर होता, तेथे लख्ख ऊन होते. इमारत आठ मीटर उंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकला की तिची सावली उत्तरेकडे सरकणार, हे शिकवणाऱ्या मला तरी सुचायला हवे होते. आकडेमोड केली, तेव्हा जानेवारीच्या अखेरीपर्यंत त्या जागी मध्यान्हीचे ऊन येणार नाही असे दिसले. काठी उपटून मैदानाच्या मध्यावर नेली, पुन्हा ओळंबा, पुन्हा रविवार, पुन्हा रेषा. वहीत लाल शाईने ‘येथून जागा बदलली’ असे लिहिले. तुम्ही काठी उभारताना दक्षिणेकडे काय आहे ते आधी पाहा.

२२ डिसेंबरला सावली ९० सेंटिमीटर भरली, वर्षातील सर्वांत लांब. गणितानेही तेच येते. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून दक्षिणेला १८.५ आणि २३.४ यांच्या बेरजेइतका, म्हणजे ४१.९ अंश कललेला असतो. येथे दोन शाळांच्या मंडळांना मिळून एक सुंदर काम करता येईल. समजा कोल्हापूर आणि जळगाव येथील मुलांनी त्याच दिवशी आपापल्या मध्यान्हीला सावली मोजली. कोल्हापूरला ती ८४ सेंटिमीटरच्या आसपास येईल, जळगावला ९८. सावल्यांवरून कोनांत ४.३ अंशांचा फरक निघेल. या दोन गावांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून मोजा, ते सुमारे ४७८ किलोमीटर भरेल. ३६० ला ४.३ ने भागून ४७८ ने गुणले की पृथ्वीचा परीघ हाती येतो, सुमारे ४०,००० किलोमीटर. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनीसने इजिप्तमध्ये याच युक्तीने परीघ काढला. मात्र एका सावलीत अर्धा सेंटिमीटर चुकलात, तर परीघ दीड हजार किलोमीटरने चुकेल, हेही ध्यानात असू द्या.

फेब्रुवारीत चाचण्या, प्रात्यक्षिके, संमेलनाची गडबड. विज्ञान दिनासाठी आम्ही मध्यान्हीच्या वेळांचा आलेख काढीत होतो. वक्र छान वर चढत होता, १२.४७, १२.४८, १२.४९, मध्येच एक बिंदू धाडकन खाली, १२.३५. सारे त्या बिंदूकडे पाहत राहिले. त्या बुधवारची जोडी गप्प होती. दोघे काठीपाशी गेलेच नव्हते. वहीच्या पहिल्या पानावरची ‘बरोबर’ वेळ त्यांनी लिहून टाकली होती. कार्यवाह म्हणाला, “सर, खोडून १२.४९ करू या, पाहुणे येणार आहेत.” मला ते खोट्या नोंदीहून वाईट वाटले. शेवटी त्या दोघांनी स्वतःच त्या ओळीवर खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारली, शेजारी ‘निरीक्षण केले नाही’ लिहून सह्या केल्या आणि आलेखात त्या जागी फट ठेवली. पाहुण्यांनी नेमके त्या फटीबद्दलच विचारले. उत्तर त्या दोघांनी दिले.

मार्चमध्ये सावली ३३ सेंटिमीटरवर आली, एप्रिलमध्ये आणखी आखडली. परीक्षा झाल्या, शाळा बंद झाली. आणि ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली तो सुट्टीत! सूर्य आपल्या अक्षांशावर येतो तेव्हा मध्यान्ही सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच पडते. पुण्यात हे १३-१४ मेच्या सुमारास घडते, कोल्हापुरात त्याच्या आठवडाभर आधी, नागपुरात २६ मेच्या सुमारास. पाळी असलेल्या जोडीतला एकजण मामाच्या गावी गेला होता. दुसरा आला, आणि न बोलावता आणखी सहा-सातजण आले. १२ वाजून ३१ मिनिटांनी ठिपका ओळंब्याच्या खुणेवर येऊन बसला. वहीत लिहिले, ‘सावली ०’.

त्यानंतर जूनमध्ये सावली चक्क दक्षिणेला पडते, २१ जूनला साडेआठ सेंटिमीटर, आणि २९-३० जुलैला पुन्हा शून्य होते. नव्या वर्षीच्या मंडळाच्या पहिल्या सभेत पाहुणे नव्हते. काठी मैदानात ठेवायची की गच्चीवर न्यायची यावरच तास संपला. २९ जुलैला दोन्ही तुकड्यांतली मुले बाराच्या सुमारास गच्चीवर जमली. एक वाजेपर्यंत झिमझिम चालू होती. वहीत त्या दिवशी ‘—, ढग’ अशी नोंद आहे.