सही करण्याआधीची दोन मिनिटं: १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेतून दुकानदारांसाठी धडा



नोंदी आणि हिशोबाच्या व्हिडिओमध्ये मी १९६८ च्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा उल्लेख केला होता. व्हिडिओत सगळे आकडे बसत नाहीत, म्हणून आज ती पूर्ण केस इथे लिहून काढतोय. गोल्फ कधी बघितलं नसेल तरी अजिबात काळजी करू नका. चलन, बिल आणि रजिस्टर रोज हाताळणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते.

आधी गोल्फचा हिशोब समजून घेऊ

गोल्फच्या एका राउंडमध्ये १८ होल असतात. प्रत्येक होलला किती फटक्यांत चेंडू खळग्यात जायला हवा, ते ठरलेलं असतं. त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल आणि एक जास्त लागला तर बोगी. मास्टर्स ही स्पर्धा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबवर होते. तिथला पार ७२. चार दिवस, चार राउंड, आणि ज्याचे एकूण फटके सगळ्यात कमी तो विजेता.

आता आपल्या कामाचा मुद्दा. अशा स्पर्धेत खेळाडू स्वतःचं अधिकृत स्कोअरकार्ड स्वतः भरत नाही. सोबत खेळणारा त्याचं कार्ड भरतो. त्याला मार्कर म्हणतात. राउंड संपला की मार्कर सही करतो, मग खेळाडू प्रत्येक होलचा आकडा तपासतो आणि आपली सही करतो. कार्ड एकदा जमा झालं की विषय संपला. म्हणजे बघा, माल एकाने मोजायचा, चलन दुसऱ्याने लिहायचं आणि पोच म्हणून सही मालकाने करायची, तसाच हा प्रकार.

१४ एप्रिल १९६८, रविवार

तीन दिवसांनंतर दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर २१० फटक्यांवर पुढे होता. अमेरिकेचा बॉब गोल्बी २११ वर आणि अर्जेंटिनाचा रोबेर्तो डी व्हिसेंझो २१२ वर. डी व्हिसेंझो काही नवखा नव्हता. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉयलेकला त्याने जॅक निकलॉसला दोन फटक्यांनी मागे टाकून ओपन चॅम्पियनशिप जिंकली होती. आणि या रविवारी त्याचा ४५ वा वाढदिवस होता.

सुरुवात तर बघा. पहिल्याच होलवर दुसरा फटका लांबून थेट खळग्यात. ईगल! दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर बर्डी. पहिले नऊ होल फक्त ३१ फटक्यांत. पुढेही तो तसाच खेळत राहिला आणि १७ व्या होलवर त्याने आणखी एक बर्डी मारली. चारचा होल तीन फटक्यांत. हे मैदानावरच्या प्रेक्षकांनी पाहिलं आणि टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिलं.

१८ व्या होलवर मात्र बोगी झाली, एक फटका जास्त गेला. तरी दिवसाची खरी बेरीज झाली ६५.

मागून गोल्बी येत होता. त्याने १५ व्या होलवर ईगल मारून बरोबरी गाठली, १७ व्यावर एक फटका गमावला आणि १८ वा होल पारमध्ये संपवून ६६ चा राउंड केला. दोघांचे चार दिवसांचे एकूण फटके २७७. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोघांमध्ये १८ होलचा प्लेऑफ व्हायला हवा होता.

तो प्लेऑफ कधी झालाच नाही.

३ च्या जागी ४

डी व्हिसेंझोचा मार्कर होता टॉमी ॲरन, त्याच्यासोबत खेळणारा अमेरिकन खेळाडू. १७ व्या होलच्या चौकटीत त्याने ३ च्या जागी ४ लिहिले. त्यामुळे शेवटच्या नऊ होलची बेरीज ३४ ऐवजी ३५ झाली आणि राउंड ६५ ऐवजी ६६ झाला.

डी व्हिसेंझोच्या डोक्यात तेव्हा १८ व्या होलची बोगी फिरत होती. कार्ड तपासायचं टेबल ग्रीनच्या बाजूलाच, उघड्यावर. आजूबाजूला गर्दी, पुढे मुलाखती. त्याने कार्डावर नजर टाकली, सही केली आणि उठला. थोड्याच वेळात ॲरनच्या लक्षात आकडा आला, पण तोपर्यंत कार्ड जमा झालं होतं.

नियम काय म्हणत होता?

तेव्हाचा हा नियम आज वाचला तरी कडक वाटतो, पण त्यात एक लॉजिक आहे:

- एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहून सही केली, तर तो जास्तीचा आकडाच कायम.
- आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली, तर खेळाडू स्पर्धेतून बाद.
- बेरीज करणं ही समितीची जबाबदारी. प्रत्येक होलचा आकडा बरोबर असणं ही खेळाडूची.

तिसरा मुद्दा परत वाचा. कार्डावरची ६६ ही बेरीज चुकलेली नव्हती! लिहिलेल्या आकड्यांची बेरीज ६६ च येत होती. चूक वरच्या एका ओळीत होती.

अधिकाऱ्यांनी मार्ग निघतो का ते पाहिलं. क्लबचे संस्थापक आणि स्वतः महान खेळाडू असलेले बॉबी जोन्स तेव्हा आजारी होते, त्यांच्यापर्यंत हा विषय गेला. पण नियमात पळवाट नव्हती. सगळ्यांनी तीन फटके पाहिले होते आणि कागदावर चार होते. कागदच ग्राह्य धरला गेला.

अंतिम निकाल

१. बॉब गोल्बी: ७०, ७०, ७१, ६६. एकूण २७७
२. रोबेर्तो डी व्हिसेंझो: ६९, ७३, ७०, ६६. एकूण २७८
३. बर्ट यान्सी: ७१, ७१, ७२, ६५. एकूण २७९

विजेत्याला २०,००० डॉलर आणि मानाचं हिरवं जॅकेट, दुसऱ्याला १५,००० डॉलर. प्लेऑफ झाला असता तर डी व्हिसेंझो जिंकलाच असता असं कोणी म्हणू शकत नाही. पण हातातोंडाशी आलेली संधी गेली, ती फटका चुकल्यामुळे नाही, हे नक्की.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, मी किती मूर्ख! ॲरनला त्याने दोष दिला नाही, नियमाबद्दल तक्रार केली नाही. उलट गोल्बीच्या खेळाने माझ्यावर दडपण आणलं, असं सांगून त्याचं कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात त्याने ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली. १९७० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने खिलाडूवृत्तीसाठीचा बॉब जोन्स पुरस्कार त्याला दिला.

नुकसान एकाचं नाही झालं

गोल्बीचं काय झालं, हे फार कमी लोक सांगतात. त्याने २७७ फटके प्रामाणिकपणे मारले होते, कार्ड नीट तपासून सही केली होती. तरी त्याला लोकांची रागाची पत्रं आली, जणू त्यानेच काही लबाडी केली. मोठ्या चार स्पर्धांपैकी त्याने जिंकलेली ही एकमेव. आणि तिच्याबद्दल बोलताना लोक आयुष्यभर त्याच्यापेक्षा डी व्हिसेंझोबद्दलच विचारत राहिले.

टॉमी ॲरनची गोष्ट तर आणखी शिकण्यासारखी आहे. १९७३ मध्ये तो स्वतः मास्टर्स जिंकला, फक्त एका फटक्याने. त्या शेवटच्या राउंडमध्ये त्याचा मार्कर होता जॉनी मिलर, आणि मिलरने ॲरनच्या कार्डावर एका होलला ४ च्या जागी ५ लिहिले होते. ॲरनने सही करण्याआधी एकेक चौकट तपासली, चूक पकडली आणि दुरुस्त करून घेतली. पाच वर्षांपूर्वीचा धडा त्याने पक्का लक्षात ठेवला होता.

नियमाची दुसरी बाजूही एकदा पाहू. १९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबवर महिलांच्या यूएस ओपनमध्ये हवाईच्या जॅकी पंगने सगळ्यात कमी फटके मारले. तिच्या कार्डावर शेवटची बेरीज बरोबर होती, पण चौथ्या होलवर ६ च्या जागी ५ लिहिले गेले होते. सही झाली होती. ती बाद झाली आणि बेट्सी रॉल्स विजेती ठरली. क्लबच्या लोकांनी हळहळून पंगसाठी वर्गणी काढली, ती पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त भरली. पण ट्रॉफी काही मिळाली नाही.

आपल्या काउंटरवर याचं काय करायचं?

१. टोटल बघू नका, ओळ बघा. आपण बिल हातात आलं की सवयीने खाली टोटल बघतो. सप्लायरच्या चलनावर १० डबे लिहिलेत आणि गाडीतून ९ उतरलेत, तर टोटल तुम्हाला काहीच सांगणार नाही, कारण ती १० डब्यांची अगदी बरोबर बेरीज आहे. नग, दर, डिस्काउंट, जीएसटीचा दर: प्रत्येक ओळीवर पेनने टिक. मगच सही.

२. लिहिणारा कोणीही असो, सही करणारा जबाबदार. कामावरच्या मुलाने लिहिलं, अकाउंटंटने भरलं, हे कारण नंतर चालत नाही. जीएसटीआर-३बी एकदा फाइल झाला की तोच रिटर्न परत रिव्हाइज करता येत नाही, दुरुस्ती पुढच्या रिटर्नमध्ये करावी लागते. ओटीपी सांगणं हीसुद्धा सहीच आहे. फोनवर ओटीपी देण्याआधी अकाउंटंटकडून आकडे मागवा आणि आपल्या विक्रीशी ताडून बघा.

३. डोकं गरम असताना सही नको. नुकतीच बोगी झालेली, समोर गर्दी, त्यात डी व्हिसेंझोने सही केली. आपल्याकडे गाडीवाला घाई करतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं आणि आपण चलन मांडीवर ठेवूनच सही ठोकतो. माल उतरवून घेण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवा. गाडीवाला दोन मिनिटं थांबतो. कमी निघालेले नग त्याच्यासमोरच चलनावर लिहून त्याचीही सही घ्या.

४. चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. गिऱ्हाइकाला कमी बिल लागलं तर तोटा गल्ल्याचा, डी व्हिसेंझोसारखा. जास्त लागलं आणि त्याच्या घरी लक्षात आलं तर गिऱ्हाईकच जातं, पंगसारखे आपण थेट बाद. दुसरं नुकसान मोठं, कारण ते कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही.

५. माणसाला झोडपू नका, पद्धत बदला. डी व्हिसेंझो ॲरनवर खेकसला असता तरी चार काही तीन झाले नसते. कामावरचा मुलगा चुकला तर ओरडल्याने तो पुढची चूक लपवायला शिकेल. त्याऐवजी एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने माल मोजायचा, एवढा नियम लावा.

या आठवड्याचा होमवर्क

मागच्या महिन्याची कोणतीही १० खरेदी बिलं काढा. प्रत्येक बिलातली एकेक ओळ स्टॉक रजिस्टर आणि दराच्या यादीशी जुळवा. टोटल झाकून ठेवा, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही. किती ओळी जुळल्या नाहीत आणि त्यांचे किती रुपये होतात, ते वहीत लिहा. सप्लायरकडून जास्त माल आलेला सापडला तर तोही त्याला कळवा, म्हणजे उद्या तुमच्या तक्रारीला किंमत राहील.

पुढच्या व्हिडिओत आपण माल उतरवून घेण्याचं साधं एकपानी रजिस्टर सोबत बनवणार आहोत. त्याआधी ही १० बिलं तपासून या. भेटूया!